डोंगरातली सायकल आणि अडवलेली पांदण

थंडी पडली की आपल्या भागातल्या सायकलवाल्यांचे फोटो ग्रुपवर येऊ लागतात. डोक्यावर हेल्मेट, धुळीने माखलेले बूट, मागे सागाचं जंगल. खाली ठरलेली कॉमेंट असतेच, "आमच्या गावच्या रस्त्याने रोज या भाऊ, फुकटात अ‍ॅडव्हेंचर मिळेल."

लोक हसतात, पुढे जातात. मी स्वतः त्या सायकलवाल्यांपैकी एक आहे आणि मला ती कॉमेंट झोंबते, कारण ती खरी आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यवतमाळ जिल्ह्यात डोंगरातल्या सायकलिंगसाठी कोट्यवधींचा पर्यटन प्रकल्प नको. काचेचा पूल नको, सेल्फी पॉइंट नको. गाव नकाशावर ज्या पांदणी आहेत त्या मोकळ्या करा. त्यावरून शेतकऱ्याची बंडी जाईल, पोरीची शाळेची सायकल जाईल आणि बाहेरगावचा सायकलवालाही जाईल. पहिल्या दोघांची सोय झाली तर तिसऱ्याची आपोआप होते. तिसऱ्याची आधी केली तर पहिल्या दोघांपर्यंत काही पोचत नाही.

आता जमीन कशी आहे ते बघू. बाहेरच्या माणसाला यवतमाळ म्हटलं की कापूस आणि सपाट काळी माती दिसते. पण आपल्या जिल्ह्याच्या नावातच माळ आहे. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, १६ तालुक्यांचा हा जिल्हा. एका अंगाने वर्धा नदी, दुसऱ्या अंगाने पैनगंगा, आणि मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. त्या फाट्यांमधून अडाण, अरुणावती, पूस या नद्या पैनगंगेकडे उतरतात. दारव्ह्याहून दिग्रस आणि दिग्रसहून पुसद असं आडवं निघालात, तर एका दिवसात तीन खोरी ओलांडावी लागतात. पुसद तर डोंगरांच्या वाटीत बसलेलं गाव आहे. वाशीमकडे जा, खंडाळ्याचा घाट लागतो. माळपठाराकडे वळा, चढ लागतो. गावाबाहेर पडायचं म्हटलं की चढणं आलंच.

सह्याद्रीसारखे कडे आपल्याकडे नाहीत. आपला डोंगर एकदम अंगावर येत नाही, तो हळूहळू दमवतो. दोनशे मीटर चढ, शंभर मीटर उतार, नाला, पुन्हा चढ. नाल्यात उतरताना वेग मिळतो, पण तळाशी वाळू किंवा गोटे असतात. ब्रेक दाबला तर चाक घसरतं, नाही दाबला तर पुढच्या दगडावर आपटतं. शरीर मागे न्यायचं, नजर चाकाखाली न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची, पुढचा ब्रेक अलगद धरायचा. हे सांगायला सोपं आहे. पहिल्या चार वेळा माणूस पडतोच.

शिवाय इथल्या जमिनीच्या तीन तऱ्हा आहेत. मुरमाचा माळ असला तर मजा, चाक धरतं. गिट्टी टाकून ठेवलेला आणि रोलर न फिरवलेला रस्ता सगळ्यात वाईट. आणि काळ्या मातीत पाऊस पडला की खेळ खलास. माती चाकाला चिकटते, चाकावरून फोर्कमध्ये भरते आणि शंभर पावलांत सायकल जागच्या जागी अडते. मग काडीने माती उकरत बसायचं. वर बोरी-बाभळीचे काटे, आणि कापूस निघाल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटीची टोकदार खुटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानगळ होते, तेव्हा वाळलेल्या मोठ्या पानांखालचा दगड दिसत नाही आणि उतारावर पान बर्फासारखं सरकतं. मार्चनंतर ऊन असं की सकाळी नऊच्या आत परतावं लागतं.

हे सगळं असूनही, किंवा यामुळेच, ही राइड करावीशी वाटते. पळस फुललेला असतो, मोहाचा वास येत असतो, आणि चढ संपल्यावर पूस धरणाचं पाणी दिसलं की पायांची तक्रार थांबते. महाराष्ट्रात डोंगर म्हटलं की पुणे, नाशिक, सातारा एवढंच डोळ्यासमोर येतं. आपलं हे वैभव आपल्याच लोकांनी पाहिलेलं नाही.

"हे श्रीमंतांचं खूळ आहे" असंही लोक म्हणतात. त्यांना या खेळाचा जन्म सांगायला हवा. १९७६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, माउंट तमालपाईस डोंगराच्या परिसरात काही पोरांनी जुन्या, जड, बिनगिअरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावर शर्यत लावली. भंगारातल्याच सायकली म्हणा ना. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचे. उतारावर ते इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगला जागा मिळाली. खेळ सुरू झाला तेव्हा महागडी सायकल नव्हतीच. जायला मोकळी वाट होती, ती पुरली.

आणि वाटेवरच आपलं घोडं अडलंय.

मागच्या जानेवारीत आम्ही सात जण दिग्रस ते पुसद डांबरी रस्ता टाळून निघालो. एक शिक्षक, एक कृषी केंद्रवाला, दोन कॉलेजची पोरं, एक एसटीतला मेकॅनिक, एक बँकवाला आणि मी. गाव नकाशे मिळवले होते आणि त्यावर तुटक रेषांनी दाखवलेल्या पांदणी मोबाइलच्या नकाशावर जुळवून घेतल्या होत्या. कागदावर वाट सलग होती. प्रत्यक्षात पहिल्याच तासात एक पांदण तुरीच्या शेतात शिरली आणि गायब झाली. कागदावर बंडी जाईल एवढी वाट, आणि जमिनीवर एक धुरा, त्यावर काटेरी कुंपण. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या आणि धुऱ्याधुऱ्याने निघालो.

पलीकडच्या शेतातला माणूस आमची फजिती बघत उभा होता. पाणी पाजलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमी आज एक डाव सायकल खांद्यावर घेतली. माह्या वावरातून दरसाली सोयाबीनचे कट्टे असेच निघतात."

त्याच्या शेतात जायला वाट नाही. मळणी यंत्र आत येत नाही. मजूर कट्ट्यामागे वाहतुकीचे पैसे वेगळे मागतात. पावसात कोणी आजारी पडलं तर खाटेवरून आणावं लागतं. आम्हाला त्या दिवशी जे आव्हान वाटलं, ते त्याच्या घरी रोजचं आहे. फरक एवढाच की आम्ही ते निवडलं होतं आणि संध्याकाळी घरी जाऊन फोटो टाकणार होतो. त्याच्या पुढ्यात ते टाकलं गेलंय.

पांदण म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शेतात, शिवारात, शेजारच्या गावाला जाण्याची ही जुनी वाट. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. बऱ्याच पांदणी गाव नकाशावर दाखवलेल्या असतात. एकाने हातभर धुरा सरकवला, दुसऱ्याने दोन तास मारले, तिसऱ्याने तार ओढली, की दहा-पंधरा वर्षांत वाट मरते. कोणी एक माणूस ती मारत नाही. सगळे मिळून मारतात आणि मग सगळेच अडकतात.

कायदा नाही असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर त्यातल्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, आणि इथेच बहुतेक लोक हुकतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीची जोड देऊन. म्हणजे कायदा आहे, योजना आहे. तरी तहसीलमध्ये रस्त्याच्या केसची तारीख पडत राहते, मोजणीला माणूस मिळत नाही, आणि गावात भाऊबंदकी नको म्हणून लोक गप्प बसतात. पत्रकार म्हणून इतकी वर्षं तहसीलच्या पायऱ्या चढतोय, पांदणीच्या भांडणाची फाइल नाही असा एक आठवडा आठवत नाही.

आता दुसरी सायकल. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. आपल्या जिल्ह्यातले अनेक तालुके त्यात आहेत. सायकलीसाठी आधी साडेतीन हजार मिळायचे, पुढे पाच हजार झाले. योजना चांगली आहे, हे ठासून सांगतो. ज्या तांड्यावरून, पोडावरून एसटी जात नाही तिथल्या पोरी या सायकलीमुळे दहावीपर्यंत पोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्या सायकलीकडे एकदा आमच्या नजरेने बघा. गिअर नाही. शॉकअप नाही. साधे रबरी ब्रेक, जे पावसात ओले झाले की धरत नाहीत. पातळ टायर. मागे दप्तर, कधी धाकटी बहीण. आम्ही डिस्क ब्रेक, जाड टायर आणि डोक्यावर हेल्मेट घेऊन ज्या उतारावर घाबरतो, त्याच जातीच्या उतारावरून ती पोर युनिफॉर्ममध्ये जाते. दोन वेळा. रोज. गावात पंक्चरचं दुकान नसलं तर सायकल आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट बघत भिंतीला टेकून राहते. आठ दिवस शाळा बुडाली की घरचे म्हणतात, "राहू दे आता." शाळा सुटण्यामागे मोठमोठी कारणं असतात हे खरं. पण एका काट्याने सुटलेली शाळासुद्धा असते.

संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने आणि पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. विदर्भाच्या उन्हात वाढलेल्या पायांत काय ताकद असते हे त्यांनी दाखवलं. माळपठारावर रोज चढ मारणाऱ्या पोरींत किती दम आहे, हे आपण कधी मोजलंय का? कुठल्या शाळेच्या क्रीडा दिनाला सायकलची स्पर्धा असते, कोणी सांगा.

पुण्याचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२६ मध्ये तिथे पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या दर्जाची, ४३७ किलोमीटरची, चार टप्प्यांची शर्यत. परदेशी खेळाडू आले, घाट टीव्हीवर दिसले. आणि त्यासाठी रस्ते झाले. वर्षानुवर्षं खड्ड्यांत असलेले रस्ते काही महिन्यांत गुळगुळीत झाले. पुणेकरांनी विनोद केले की शर्यत दरवर्षी ठेवा. मला त्यात हेवा वाटत नाही, शर्यत झाली हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. इच्छा असली तर निधी मिळतो, ठेकेदार मिळतो, मुदतही पाळली जाते. "तांत्रिक अडचण आहे" हे वाक्य जे आपण इथे ऐकत आलोय, ती अडचण पाहुणे येणार म्हटल्यावर सुटते.

माझा प्रश्न असा की शाळेत जाणारी पोर पाहुण्याइतकी महत्त्वाची कधी होणार?

काही मित्र म्हणतात, मग आपल्याकडेही माउंटन बाइकची शर्यत भरवू, त्या निमित्ताने लक्ष जाईल. गंमत म्हणजे या शर्यतीला गुळगुळीत रस्ता नकोच असतो. त्यामुळे एखादा चलाख नेता म्हणायचा, "बघा, आपले रस्ते तर आधीच तयार आहेत!" म्हणून खराब रस्ता आणि ट्रेल यातला फरक समजून घेतला पाहिजे. ट्रेल अवघड असते, पण तिची अवघड जागा ठाऊक असते. पाणी वाहून जायला वाट काढलेली असते, वळणावर पाटी असते, पडलात तर बाहेर काढायला माणूस ठरलेला असतो. खराब रस्त्यात यातलं काही नसतं. कालपर्यंत नसलेला खड्डा आज असतो आणि जबाबदार कोणी नसतो.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं एक जुनं उत्तर सापडतं. तिकडे शेतांतून, माळांतून, डोंगरांवरून जाणाऱ्या जुन्या घोडवाटा आहेत. जमीन खासगी, पण वाटेवर लोकांचा हक्क. १९६८ च्या कायद्याने त्या घोडवाटांवर सायकललाही परवानगी दिली, एका अटीवर. पायी चालणारा आणि घोडेस्वार दिसला की सायकलवाल्याने थांबून वाट द्यायची. आज तिथल्या डोंगराळ भागात जगभरचे सायकलवाले जातात ते या हक्काच्या वाटांवर. नवा रस्ता बांधावा लागला नाही, जुनी वाट मरू दिली नाही एवढंच. आपल्या पांदणीला हाच नियम लावा. बंडी, बैल, गुरं, पायी माणूस आधी. सायकल नंतर. मोटारसायकलच्या शर्यती अजिबात नाहीत.

आता आक्षेपांकडे येतो. ते खरे आहेत, त्यामुळे उडवून लावता येत नाहीत.

पहिला, वाघ. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्यं आपल्या जिल्ह्यात आहेत आणि वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसं गेली आणि २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ वाघिणीला गोळी घातली गेली. ते दिवस आपण विसरलेलो नाही. त्या काळात लोक शेतात जायला घाबरत होते. म्हणून माझ्या प्रस्तावात अभयारण्यं आणि वाघाचा वावर असलेली जंगलं नाहीतच. सायकल आवाज न करता येते, अचानक समोर येते, ते जनावरालाही वाईट आणि माणसालाही. आणि वाघ असो-नसो, सूर्य उगवल्यानंतर निघायचं, मावळायच्या तासभर आधी गावात. यात हिरोगिरी नको.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा. बाहेरची पोरं येतील, ऊस-हरभरा उपटतील, दारूच्या बाटल्या टाकतील, ड्रोन उडवतील. ही भीती बरोबर आहे. धबधब्यांच्या ठिकाणी पावसाळ्यात काय चालतं ते सगळे बघतात. म्हणून कुठली पांदण सायकलसाठी दाखवायची हे ग्रामसभेने ठरवावं. नको म्हटलं तर नको. वनहक्क कायद्याखाली ज्या गावांना सामूहिक हक्क मिळालेत, त्यांच्या जंगलातून जायचं असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. "शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा आणि तुम्हाला सायकली सुचतात?" हे मला तोंडावर विचारलं गेलंय. माझं उत्तर असं की शेतातला माल वेळेवर बाहेर निघणं, मळणी यंत्र आत जाणं, मजुरीचा जादा खर्च वाचणं, याला सायकलिंग म्हणत नाहीत, शेती म्हणतात. वाट हा शेतीच्या खर्चातला मोठा भाग आहे आणि तो कुठल्याही हमीभावाच्या गणितात दिसत नाही. सायकल हे त्या प्रश्नाकडे बघायला एक निमित्त आहे. चारचाकीत काच वर करून बसलेल्या माणसाला पांदण दिसत नाही. सायकलवाल्याला ती मांड्यांत जाणवते.

तर मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने गाव नकाशावरच्या पांदणींची यादी करून चावडीवर लावावी, मोकळी कोणती आणि अडलेली कोणती. तहसीलमधल्या रस्त्याच्या केसेस ठरलेल्या मुदतीत निकाली काढाव्यात आणि निकालानंतर वाट प्रत्यक्ष खुली झाल्याचा फोटो फाइलला जोडावा. शाळेला सायकली देताना हवेचा पंप, पंक्चरचं साहित्य आणि दोन जास्तीचे ट्यूब शाळेतच ठेवावेत, आणि नववी-दहावीच्या पोरापोरींना पंक्चर काढायला शिकवावं. एका दुपारचं काम आहे. घाटातल्या शाळेच्या वाटेवर साइडपट्टी भरावी, वळणावरची झुडपं तोडावीत. एवढं झाल्यावर पुसद किंवा दिग्रस तालुक्यात दोन-तीन गावांच्या संमतीने एक सायकल वाट दाखवावी. जेवण बचत गटाचं, वाटाड्या गावचा पोरगा, पैसे थेट गावात.

आणि आम्हा सायकलवाल्यांनी काय करायचं? दर रविवारी फिरतोच आहोत, तर वाट कुठे अडली आहे याची नोंद मोबाइलवर आपोआप होते. ती फोटोसह तहसीलदारांना आणि ग्रामपंचायतीला द्यायची. फक्त सूर्यास्ताचे फोटो टाकून भागणार नाही. आमच्या सात जणांनी हे सुरू केलंय. दिग्रस-पुसदमधल्या अडलेल्या पाच जागांचे अर्ज दिले आहेत. काय होतं ते इथेच कळवत राहीन.

तुमच्या गावची कोणती पांदण बंद आहे? गाव, तालुका आणि किती वर्षांपासून, एवढं कॉमेंटमध्ये लिहा. अडवणाऱ्याचं नाव लिहू नका, भांडण वाढवायचं नाहीये. आणि अडवून सहा महिने झाले नसतील तर कॉमेंट नंतर करा, आधी तहसीलला जा.